कापसावरची झोप

“तिले इकडे येऊ नोको देऊ, रूपाली! धर तिले!”

डोमाजी ओसरीवरून ओरडले, तशी अंगणातून धावत आलेली मिनू जागच्या जागी थबकली. चार वर्षांची नात. आजवर आजोबा दिसले की सरळ मांडीवर चढायचे, एवढेच तिला ठाऊक. रूपालीने लेकीला उचलले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सासऱ्यांसमोर खाली बघत म्हणाली, “मामाजी, मी तं काई म्हटलं नाई.”

“तू कायले म्हणशीन? मले दिसते न.”

दिसत तर साऱ्या गावाला होते. मिनूच्या मानेवर, पाठीवर, दंडांवर लाल पुरळ उठले होते. पोरीने खाजवून खाजवून अंग सोलून काढले होते. रोशनने, म्हणजे तिच्या बापाने, मेडिकलवाल्याला विचारून एक ट्यूब आणली. दोन दिवस आराम पडला आणि मग दुपटीने उसळले. वांगी बंद झाली, साबण बदलला, मीठ-मोहरी उतरून झाली. रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, आणि न्हाऊन निवलेली पोर निजवायची कुठे? तर घरातल्या सगळ्यांत मऊ जागी.

ती मऊ जागा म्हणजे पुढच्या खोलीतली कापसाची गंजी. गिरडच्या आसपासच्या गावांत कापूस वेचून झाला की तो घरातच रचतात, भाव चढायची वाट बघत. डोमाजींच्या घरी तर गंजी पार आढ्याला टेकायची. कापूस म्हणजे लक्ष्मी, आणि लक्ष्मीला एकटे कसे ठेवायचे? म्हणून घरातला कर्ता माणूस तिच्यापाशीच झोपायचा. डोमाजी मिसरूड फुटल्यापासून हिवाळाभर त्या गंजीवर झोपत आले होते. मिनू चालायला लागली तशी तीही त्यांच्या कुशीत शिरली. थंडीत कापसासारखी ऊब नाही, हे काय कुणी सांगायला हवे?

सगळे बिनसले ते शेजारच्या शकुबाईच्या एका वाक्याने. बाई वाईट नव्हती, पण तिची जीभ तिच्याही ताब्यात नव्हती. “रूपाली,” ती म्हणाली, “तुया सासऱ्याच्या हातावरचे चट्टे पाह्यले का? पोट्टी त्यायच्याच जवळ झोपते न व?”

डोमाजींनी आतून ते ऐकले. दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत जाड, पांढुरके चट्टे, दर हिवाळ्यात खाजणारे. त्यांनी कधी मनावर घेतले नव्हते. पण त्या दिवशी त्यांना आपला काका आठवला. महारोग झाला म्हणून घरच्यांनी त्याला वावरातल्या खोपडीत ठेवले होते. भाकर लांबून सरकवायचे, आणि ती सरकवायचे काम लहानग्या डोमाजीकडे असायचे. आता पाळी आपली आली, असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. त्यांना कुणी सांगायची वेळच आली नाही. ताट वेगळे केले, गिलास वेगळा केला, आणि काळजावर धोंडा ठेवून नातीला शिकवले, “मिनू, आबाले हात लावायचा नाई. आबाचं लागते.” रूपालीने मात्र पोरीला थंडी बाधू नये म्हणून रात्री तिथेच, गंजीच्या दुसऱ्या टोकाला निजवले.

पुरळ काही हटेना. शेवटी रोशन म्हणाला, “रूपालीले अन् मिनूले नालवाडीले पाठवतो, तिच्या मायकडे. पोट्टी बरी होयेपर्यंत.” डोमाजींनी मान हलवली. त्यांना कळले होते, ‘होयेपर्यंत’ हा शब्द केवढा लांब असू शकतो. काकासाठीही घरच्यांनी तोच वापरला होता.

नालवाडीला जायचेच आहे, तर वाटेत वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवून घेऊ, असे ठरले. रूपाली दारात घुटमळली आणि म्हणाली, “मामाजी, तुमीबी चाला. हात दाखवून घ्या.” ते गेले, पण बसमध्ये सगळ्यांत मागच्या सीटवर बसले, खिडकीला चिकटून.

चामडीची डॉक्टरीण पोरसवदा होती, पण नजर घारीची. तिने मिनूला उघडी करून उजेडात फिरवले. “बोटांच्या बेचक्यात काही नाही. मांड्यांवर नाही. सगळं पाठीवर, मानेवर आणि दंडांवर. झोपते कशावर ही?”

“कापसावर,” रूपाली म्हणाली.

“गादीवर?”

“नाई जी. कापसावरच. गंजीवर.”

डॉक्टरिणीने मिनूला रूपालीच्या हाती दिले. मग डोमाजींच्या खांद्यावरचा शेला मागून घेतला, काळ्या कागदावर झटकला, पडलेली बारीक धूळ काचेवर घेऊन यंत्राखाली सरकवली. बराच वेळ बघत राहिली. आणि मग म्हणाली, “आजोबा, या. तुम्ही बघा.”

डोमाजींनी डोळा लावला. आधी नुसते धुके. मग कापसाचा एक तंतू दिसला, जाडजूड दोरासारखा पिळलेला. आणि त्या दोरावरून काहीतरी चालत होते! इवलेसे, पाय असलेले, आपल्या कामाला निघालेले.

“अगाई गं! हे काय होय?”

“कीड. नुसत्या डोळ्यांनी नाही दिसत. ही कापूस खात नाही, कापसातल्या बोंडअळीवर जगते. अळ्या संपल्या की मिळेल त्याला चावते.”

“बोंडअळीले खाते?” डोमाजींनी डोळा काढलाच नाही. ज्या अळीपायी त्यांनी जन्मभर फवारे मारले, तिला खाणारा जीव आपल्याच अंथरुणात! एवढी मोठी दुनिया आपल्या अंगाखाली नांदत होती आणि आपल्याला पत्ता नाही. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

“आता तुमचे हात. डोळे मिटा. मी कापूस लावीन. लागला की बोला.”

डोमाजींनी डोळे मिटले. काकाला चटका कळायचा नाही, हे त्यांना पक्के आठवत होते.

मनगटाजवळ काहीतरी टेकले. वाऱ्याची झुळूक तरी जड म्हणावी, इतके हलके.

“हो,” ते म्हणाले.

चट्ट्याच्या मधोमध. “हो.” दुसऱ्या हातावर, कोपराशी. “हो. हो, बाई.” नांगर धरून, कापसाची पऱ्हाटी उपटून जाड झालेली ही कातडी, आणि तिला कापसाचा एक धागा कळत होता! मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर उतरले.

“महारोग नाही हा,” डॉक्टरीण म्हणाली. “याच किडीपायी वर्षानुवर्षं खाजवून कातडी जाड झाली आहे. आणि असता, तरी गोळ्यांनी बरा झाला असता. ताट वेगळं करायचं कारण नाही. कापूस तेवढा घराबाहेर काढा. अंथरुणं, कपडे उकळत्या पाण्यात घाला, उन्हात टाका. वेचायला जाताना पूर्ण बाह्या घाला, घरी आल्यावर आधी आंघोळ, मग पोरीला घ्या. आणि मेडिकलवाल्याची ती ट्यूब परत लावू नका.”

कुणीच नालवाडीला गेले नाही. घरी आल्या आल्या डोमाजींनी कापूस न्यायला गाडी बोलावली. रोशन कळवळला. “बाबा, आणखी महिनाभर थांबलो असतो तं भाव चढला असता.”

“चढन तवा चढन.”

“काऊन जी एवढी घाई?” शकुबाईने कुंपणावरून विचारले.

“झोप येऊन राह्यली,” डोमाजी म्हणाले आणि जातीने गंजी उपसायला लागले, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून.

मोकळी खोली ओळखू येईना. भिंती लांब गेल्यासारख्या वाटत. मिनूने दारातून डोकावून “कापूस कुठी गेला?” विचारले आणि रुसून बसली. पण तिची पाठ निवळत गेली. खपल्या सुटल्या, लाली विरली, आणि खालून कोवळी, नितळ कातडी वर आली. कुणी टाका घातला नाही, कुणी सारवले नाही. आतूनच नवे आले. डोमाजी लांबून ते रोज बघत आणि म्हणत, “काय कारागिरी हाये, बापा!”

तरी बोलवायचा धीर होईना. अखेर एका संध्याकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते मोकळ्या खोलीत सतरंजीवर बसले आणि त्यांनी हाक मारली, “मिनू, ये.”

मिनू उंबऱ्याशी आली. दोन्ही हात पाठीमागे घेऊन उभी राहिली.

“ये न माय. जवळ ये.”

“नाई. आबाचं लागते.”

“नाई लागत. थे आबाचं चुकलं होतं.”

पोर हलेना. इतक्या मनापासून शिकवलेले ती कशी विसरेल? डोमाजींनी पुढे केलेला हात तसाच राहिला. मग तो हळूहळू मांडीवर उतरला. “राह्यू दे,” ते म्हणाले.

दारामागे रूपाली उभी होती. लग्न होऊन आल्यापासून ती सासऱ्यांसमोर कधी बसली नव्हती. पाया पडायची तीही जमिनीला हात लावून. ती आत आली. पदर सावरला आणि सतरंजीवर त्यांच्यासमोर बसली. मिनू बघत होती. रूपालीने डोमाजींचा हात मांडीवरून उचलला, बाही वर सारली आणि त्या जाड, खरखरीत चट्ट्यांवर आपला तळवा ठेवला.

“पाह्य मिनू,” ती म्हणाली. “आईले काई झालं का?”

तिने हात काढला नाही. मिनू पाठीमागचे हात सोडून उंबरा ओलांडेपर्यंत तो तिथेच होता.