ठिपक्याची बाजू

विज्ञानाच्या बाईंच्या घराला एक न दिसणारा उंबरठा होता, आणि तो त्यांनी स्वतःच घातला होता. शाळेचं शाळेत, घरचं घरी. लेक पाचवीत त्यांच्याच शाळेत आली त्या दिवशी, चपला काढता काढता, त्यांनी तिला बजावलं होतं, "इथे मी आई, तिथे मी बाई. तिथे आई म्हणायचं नाही आणि इथे गृहपाठ विचारायचा नाही. कळलं?" लेकीने मान हलवली. पुढच्याच आठवड्यात भर वर्गात तिच्या पोटात कळ आली, तेव्हा तिने हात वर करून "बाई, मला बरं वाटत नाहीये" असं परक्या पोरासारखं सांगितलं, आणि बाईंनीही तिला परक्या पोरासारखंच शिपाईमावशींबरोबर पाठवून दिलं. हे ऐकून तिच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "मी घरात राहतो की दोन देशांच्या सीमेवर? एखादा पासपोर्ट तरी द्या मला."

घरी ती गोटी. डोळे तसे गोल म्हणून. शाळेत ती सोळा नंबर. बाकीच्या मुलांना बाई नावाने, नाहीतर टोपणनावाने हाक मारत. पण लेकीचं नाव घेताना आवाज मऊ पडतो, हे त्यांचं त्यांनाच लक्षात आलं होतं. त्यापेक्षा हजेरीतला आकडा बरा.

तर ही सोळा नंबर नववीत आली आणि मनोऱ्यांच्या नादी लागली. राज्याच्या विज्ञान स्पर्धेत शाळांचे संघ उतरत आणि त्यात नाना प्रकार असत. कुणी विमानं उडवी, कुणी खडक ओळखी. मनोऱ्याचा खेळ सांगायला सोपा होता. हलक्या लाकडाच्या काड्या चिकटवून मनोरा करायचा, मधोमध भोक असलेल्या टेबलावर तो उभा करायचा, त्याच्या डोक्यावरून साखळीने खाली बादली टांगायची, आणि मनोरा मोडेपर्यंत बादलीत वाळू ओतत राहायचं. स्वतःच्या वजनाच्या जितके पट वजन तो पेलेल तितके गुण. म्हणजे मनोरा नुसता भक्कम असून भागत नाही. हलकाही हवा. पैलवान नको, मुंगी हवी.

गोटी काडी निवडायची ती कानाने. दोन बोटांत काडी धरून नखाने टिचकी मारायची आणि कानाशी न्यायची. "ही बोलते. ही मुकी आहे," असं म्हणत दोन ढीग करायची. डिंक टाचणीच्या टोकाने लावायची. त्या डिंकाचे पापुद्रे तिच्या बोटांवर कायम असायचे आणि पाचव्या तासाला बाई फळ्यावर लिहीत असताना ती बाकाखाली ते सोलत बसायची. बाईंना ते दिसायचं. इतर कुणाला त्या म्हणाल्या असत्या, "काय चाललंय?" तिलाही म्हणायच्या, आणि जरा जास्तच मोठ्याने.

तिची जोडीदार होती जिराफ. मान लांब, पाय लांब, मनाने लोणी. टेबलाशी दोघीच उभ्या राहू शकत. जिराफ काठीने बादली झुलू नये म्हणून सांभाळायची आणि गोटी मनोरा मांडून वाळू ओतायची. जिल्ह्यात त्या पहिल्या आल्या. आता राज्य. आणि राज्यात पहिल्या येणाऱ्या जोडीला विज्ञान संस्थेच्या निवासी शाळेत थेट जागा मिळत असे. गोटीला ती जागा हवी होती. ती तसं बोलायची नाही. पण त्या शाळेच्या प्रयोगशाळेचं वर्तमानपत्रात आलेलं चित्र तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं, आणि रोज कपडे काढताना दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहायचं.

मग एक दिवस शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या बाई चहाच्या कपात बिस्किट बुडवत म्हणाल्या, "यंदा काय, मनोऱ्याला घरचीच कंपनी वाटतं?"

"म्हणजे?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं.

"काही नाही हो. आई निवडणार, लेक जाणार. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आम्ही नाही म्हणत, पालक म्हणतात."

बिस्किट तुटून कपात पडलं. गणिताच्या बाई ते चमच्याने शोधत बसल्या, आणि तेवढ्यात एका मुलीचं नशीब फिरलं. विज्ञानाच्या बाईंनी चहा टाकून दिला. आयुष्यभर त्या नाकासमोर चालल्या होत्या. लेकीच्या पेपरात अर्धा गुण द्यावा की नाही असा प्रश्न आला तर त्या देत नसत, कारण दिला तर लोक काय म्हणतील. असे कितीतरी अर्धे गुण गोटीने चार वर्षांत गमावले होते आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात राज्याचा संघ वाचून दाखवला. "मनोरा. जिराफ आणि स्कॉलर. राखीव, सोळा नंबर."

स्कॉलर म्हणजे वर्गात पहिला येणारा मुलगा. चांगला होता, हुशार होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याने जन्मात कधी काडीला टिचकी मारली नव्हती. तोच गोंधळून उभा राहिला. "बाई, पण मनोरा तर तिचा..."

"मनोरा शाळेचा," बाई म्हणाल्या. "राखीव खेळाडूने तो पूर्ण करून द्यायचा आणि यांना सगळं समजावून सांगायचं. सोळा नंबर, जमेल?"

"हो, बाई."

बाकाखाली तिची बोटं थांबली होती. एवढंच बाईंना दिसलं.

घरी वडिलांनी तोंड उघडलं. "अगं, लोकांनी आपल्या पोराला पुढे ढकलल्याचं ऐकलंय. आपल्याच पोराला मागे खेचणारी तूच पहिली."

"शाळेचं शाळेत," बाई म्हणाल्या.

"अगं पण..."

"ती परीक्षा देऊन जाईल त्या शाळेत. दुसरी वाट आहे. माझ्या जिवावर गेली असं कुणी म्हणायला नको तिला."

"तिला की तुला?" एवढं बोलून ते उठले आणि हात धुवायला गेले.

गोटीने मनोरा पूर्ण केला. रागाने केला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पण तिने तो आजवरच्या सगळ्यांपेक्षा सुंदर केला. जाळीदार, उजेडात धरला तर असून नसल्यासारखा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. तिने ताटातलं चिवडत चिवडत विषय काढला.

"आई, त्या मनोऱ्याच्या एका पायाला मी पेन्सिलीने ठिपका..."

"गोटी."

"अगं ऐक ना, एकच गोष्ट. तो पाय जरा..."

"काय ठरलंय आपलं? उद्या शाळेत सांग. बाईंना सांग."

गोटीने आईकडे पाहिलं. मग वडिलांकडे. वडील पाण्याच्या तांब्याकडे बघत होते. "बरं," ती म्हणाली आणि ताटातलं संपवलं. सगळं संपवलं, एक घास टाकला नाही.

सकाळी बस सुटण्याआधी बाईंनी विचारलं, "सोळा नंबर, यांना सगळं समजावून दिलंस?"

"विचारलं तेवढं सांगितलं, बाई."

मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, विमानवाल्यांचं खोकं दारातून आत जात नव्हतं. "ठीक आहे, बस," बाई म्हणाल्या आणि खोक्याकडे धावल्या.

स्पर्धेचं सभागृह म्हणजे एक मोठं क्रीडागृह होतं. प्रत्येक टेबलापाशी एक परीक्षक, दोरीपलीकडे शिक्षक आणि बाकीची मुलं. नियम फळ्यावर ठळक लिहिला होता. दोरीबाहेरून कुणी सूचना दिली, खूण केली, अगदी खोकून इशारा केला तरी संघ बाद.

जिराफ आणि स्कॉलर पुढे गेले. काट्यावर मनोरा ठेवला तेव्हा परीक्षकाने भुवया उंचावल्या आणि शेजारच्या परीक्षकाला बोलावून आकडा दाखवला. इतका हलका त्या दिवशी कुणाचाच नव्हता. बाईंच्या छातीत काहीतरी फुलून आलं. लेकीकडे बघावंसं वाटलं, पण त्या समोरच बघत राहिल्या.

स्कॉलरने मनोरा टेबलावर ठेवला. मग थांबला. पायाशी वाकून त्याने काहीतरी पाहिलं आणि जिराफला हळूच विचारलं. जिराफने लांब मान नकारार्थी हलवली. मांडणं हे तिचं काम नव्हतंच कधी, ती नेहमी काठी घेऊन पलीकडे उभी असायची. स्कॉलरने क्षणभर विचार केला आणि चांगल्या मुलासारखं, चित्राची पुढची बाजू पाहुण्यांकडे करावी तसा, मनोरा फिरवून ठिपका परीक्षकाकडे केला. स्वतः मागच्या बाजूने वाळूचं भांडं उचललं.

ठिपका. हा शब्द बाईंच्या मनात उमटला तो ताटाच्या आवाजासकट. आई, त्या मनोऱ्याच्या एका पायाला मी... पुढे काय? तो पाय जरा काय? कच्चा? मुका? त्यांनी झटकन मान वळवली.

गोटी दोरीशी बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मनोऱ्याकडे ती बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर त्यांनी मान खाली घातली असती. ती फक्त वाट बघत होती, वर्गात हात वर करून मूल बाईंच्या होकाराची वाट बघतं तशी.

ओरडलं तर संघ बाद. नाही ओरडलं तर... बाई कच्चा पाय कुठे असायला हवा ते मनातल्या मनात मांडू लागल्या. विज्ञानाच्याच बाई होत्या, जमायला हवं होतं. पण डोकं चालेना. वाळू पडू लागली होती.

मनोरा शांत उभा होता. वाळू सरसरत होती. जिराफ काठी बादलीला टेकवून उभी होती. मग टिचकी मारल्यासारखा एक बारीक आवाज झाला, आणि परीक्षकाच्या बाजूचा पाय गुडघ्यात वाकावा तसा वाकला. बाकीचे तीन पाय पडेपर्यंत सरळ होते.

चौथा क्रमांक. परतीच्या बसमध्ये जिराफ ढसाढसा रडली आणि गोटीने तिला आपल्या खांद्यावर घेतलं. स्कॉलर खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "वाळू ओलसर होती. मला वाटतं वाळूच ओलसर होती."

सोमवारी मुख्याध्यापकांनी सगळ्या शाळेसमोर माइकवर सांगितलं की हरणं-जिंकणं चालायचंच, पण पोटच्या मुलीला बाजूला ठेवणारी शिक्षिका आपल्या शाळेत आहे याचा आपल्याला अभिमान वाटतो. टाळ्या झाल्या. गणिताच्या बाईंनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी त्या जवळ येऊन बसल्या. "खरं सांगू? मी तर सहज बोलले होते हो त्या दिवशी. पोरगी हुशारच आहे तुमची. पाठवली असती तरी कोण काय म्हणणार होतं?"

विज्ञानाच्या बाई हसल्या. दुसरं काय करणार.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःच उंबरठा ओलांडला. गोटी कपाटाशी होती. दाराच्या आतल्या बाजूचं चित्र निघालेलं होतं, चार कोपऱ्यांना डिंकाचे चार डाग तेवढे राहिले होते. आणि ते चित्र ओढून फाडलेलं नव्हतं, पाण्याने भिजवून नीट सोडवलेलं होतं.

"गोटी, तो ठिपका कशासाठी होता गं?"

तिने घडी केलेला फ्रॉक कपाटात ठेवला. मग दार लावलं.

"उद्या पाचवा तास तुमचाच आहे ना," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, ना टोमणा ना रडू. "तेव्हा विचारा. सांगेन."

"मी आत्ता विचारतेय. आई विचारतेय."

"आईला सांगितलं होतं," गोटी म्हणाली आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. तिथे तिचे वडील भांडी विसळत होते. बऱ्याच वेळाने तिथून दोघांच्या हलक्या बोलण्याचा आवाज आला. बाई दाराशी गेल्या तसा तो थांबला.

पाचव्या तासाला बाईंनी खडू हातात घेतला. पाठ दुसराच होता, पण त्यांनी फळ्यावर चार पायांचा मनोरा काढला आणि एका पायाशी ठिपका दिला. "सोळा नंबर, हा ठिपका कशाचा, ते सगळ्यांना सांग."

ती उभी राहिली. "बाई, ज्या पायाची काडी थोडी कच्ची होती त्याला खूण केली होती. बदलली असती तर वजन वाढलं असतं. वाळू ओतताना धारेचा धक्का बसून बादली ओतणाऱ्यापासून लांब सरकते. म्हणून पलीकडच्या पायांवर जास्त भार येतो. कच्चा पाय नेहमी ओतणाऱ्याच्या पोटाशी ठेवायचा, म्हणजे तो टिकतो."

स्कॉलरचं तोंड पांढरं पडलं. जिराफने बाकावर डोकं टेकलं.

अगदी बरोबर होतं. कुठे अर्धा गुणही कापता आला नसता. बाईंच्या हातातला खडू मोडला आणि एक तुकडा टेबलाखाली घरंगळत गेला. चार वर्षांत या एका मुलीला जो शब्द त्यांनी कधी दिला नव्हता, तो आता बाहेर आला. मऊ पडला, आकड्याने सावरता येईना इतका मऊ.

"शाब्बास."

"थँक यू, बाई," ती म्हणाली. "बसू?"