आईचे अलंकार

महाळुंग्याच्या एका कारखान्यात मशिन चालवणाऱ्या रुक्मिणीबाई बेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसल्या होत्या. दर रविवारी त्या आकुर्डीला सुमेधाबाईंच्या वर्गाला यायच्या. अलंकारांच्या धड्यापुढं मात्र त्यांनी हात टेकले होते.

"आज उशीर का झाला?" सुमेधाबाईंनी विचारलं.

"चाकणच्या चौकात गाडी अडकली. तिथंच म्हातारी व्हायची वेळ आली बघा."

"ही अतिशयोक्ती," बाई हसून म्हणाल्या. "पुस्तकात शोधताय, ते तुमच्या तोंडातच आहे."

रुक्मिणीबाई चमकल्या. थोड्या वेळानं त्यांनी भीतभीत विचारलं, "काढणी झाली की आमची आई रानात कुणाला नांगर घालू द्यायची न्हाई. म्हणायची, भुई बाळंतीण हाय, निजू द्या तिला. ह्याला काय म्हणतात?"

सुमेधाबाईंनी हातातला खडू खाली ठेवला. "रूपक," त्या हळूच म्हणाल्या. "वीस वर्षं शिकवतेय, इतकं सुंदर रूपक मला सुचलं नाही."

रुक्मिणीबाईंच्या आईला सहीसुद्धा येत नव्हती, आणि तिच्या चुलीपुढच्या बोलण्याला शहाण्या माणसांनी नाव देऊन पुस्तकात मान दिला होता!

वर्ग सुटताच त्यांनी गावी, औशाला आईला फोन लावला. "आई, तू अलंकार बोलतीस गं!"

"अलंकार?" म्हातारी हसली. "माझ्या अंगावर फुटका मणी न्हाई, बाई."

रुक्मिणीबाईंना हसू आलं आणि डोळेही भरले. "आणखी बोल," असं म्हणत त्यांनी तिथंच पायरीवर बसून वही उघडली.