राखणीच्या धोंड्यापासची वई

पालीच्या बाजारातून जनी परत आली ती चढणीवरच थबकली. सकाळपर्यंत तिच्या नाचणीच्या तुकड्याला छातीएवढ्या निवडुंगाची वई, काटेरी कुंपण, होती. आता तिथे जेसीबीचे ओरखडे होते, आणि उपटलेला निवडुंग तुकडे तुकडे होऊन कातळावर ढिगाने पडला होता. तुकड्यांतून पांढरा चीक गळत होता. ही वई सासऱ्याने लावलेली. मोकाट गुरंच काय, डुकरंसुद्धा तिला वळसा घालून जायची. पाऊस महिन्यावर आला होता, आणि वईशिवाय नाचणी म्हणजे गावच्या गुरांना जेवणावळ.

हे काम चुलत पुतण्या दीपकचं. मुंबईहून आला की आठवडाभर त्याचे पाय जमिनीला लागत नसत. वईच्या बाहेरून व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेने त्याच्या आंब्याच्या बागेकडे वाट जाते. टेम्पो न्यायला ती अरुंद पडते, काटे रंगाला ओरबाडतात, म्हणून काकी बाजाराला गेलेली बघून त्याने मशीन घातलं. पुढच्या वर्षी तार मारून देतो म्हणाला. पुढच्या वर्षीची तार यंदाच्या रेड्याला कशी अडवणार, ते मात्र नाही सांगितलं. वर आणखी हसला.

"निवडुंगच तो, काकी. त्याचं येवडं काय?"

जनी आता याच्या सात पिढ्या काढणार, म्हणून वाडी कान देऊन बसली. तिच्या तोंडाला वाडी ओळखून होती. पण दीपक तो ढीग व्हाळात लोटायला निघाला तेव्हा ती एवढंच बोलली, "हात लावू नको. टाकलायस तितंच ऱ्हांदे."

काकी नमली, असं त्याला वाटलं. पण निवडुंग ओला लावला तर कुजतो. तोडून उन्हात टाकायचा, चीक आटू द्यायचा, मगच रोवायचा. मुंबईत राहून हे तो विसरला होता. जनीचं अर्धं काम त्याने स्वतःच्या खर्चाने करून दिलं होतं.

मे तापला. कातळावर पाय ठेववेना, विहिरींनी तळ दाखवला. ढीग मात्र हिरवा तो हिरवाच, ना माती ना पाणी. जाता-येता जनी त्याच्याकडे बघायची आणि मायेने शिवी घालायची. तिचा जीव त्या ढिगावरच तगला होता.

मृगाच्या तोंडावर ती आणि शेजारची तेजस्वी हातांना गोणपाट गुंडाळून निघाल्या. पहारीने कातळाच्या चिरा मोठ्या केल्या, मूठमूठ माती घातली आणि एकेक तुकडा रोवला. पण जुन्या जागी नाही. वाटेच्या पलीकडे, जिथे दरसाल शेताच्या राखणदार देवाला नारळ-कोंबडा देतात, त्या राखणीच्या धोंड्याच्या रेषेत. त्यापुढे व्हाळाच्या कडेला एक माणूस चालेल एवढीच जागा उरली.

दीपक धावत आला, आणि काकीला दोन शब्द सांगायला म्हाताऱ्या बापाला, आप्पाला, घेऊन आला. आप्पाने काठी धोंड्याकडे केली.

"दीपका, राखणदाराला नारळ-कोंबडा आपल्या हद्दीत देतात का दुसऱ्याच्या?"

"आपल्या."

"मग दरसाल ह्या धोंड्याशी बसून कुनाचा कोंबडा खाल्लास?"

कोंबडा दरसाल जनीच्या घरचा असायचा; म्हणजे धोंड्यापर्यंतची जमीन, वाटेसकट, तिची. जनीच्या सासऱ्याने वई मुद्दाम आत घेतली होती, भारे घेऊन जाणाऱ्या शेजाऱ्यांना काटे लागू नयेत म्हणून. ते आप्पानेच सांगितलं.

"वई व्हती तवर वाट व्हती. तूच मोडलीस."

दीपकचा सूर खाली आला. गाडी कुठून न्यायची, तेवढं तरी सांगा म्हणाला. जनीने हातातली पहार सोडली नाही.

"पेटी डोक्यावर घे. तुझ्या बापाशीन जलमभर न्हेल्या, त्याची मान मोडली नाय."

त्या पावसाळ्यात तिने मधल्या फटींत करवंदीच्या काटेरी फांद्या खोवल्या आणि नाचणी राखली. दिवाळीपर्यंत निवडुंगाला नवे कोंब आले.

पुढच्या हंगामात टेम्पो चढणीखाली उभा राहिला. दीपक डोक्यावर पेटी घेऊन, अंग चोरून वईजवळून जात होता. तरी काट्याने सदरा धरलाच. टर्रकन आवाज आला तशी शेतात पालापाचोळा पेटवून भाजावळ करणाऱ्या जनीने मान वर केली.

"जपून रे बाबा," ती म्हणाली. "निवडुंगच तो."