थर्झाला स्वस्थ बसवत नाही

"'थर्झाच्या शांत, स्थिर सहवासामुळे आपल्या सभेचं मौन अधिक गहिरं होत असे,'" म्युरिएलने वाचलं आणि चष्म्यावरून वर बघितलं. "पुढे वाचू?"

"वाच की," क्लिफर्ड म्हणाला.

क्लिफर्ड हेगार्थ आपल्याच स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा होता आणि ही बाई कोण असावी याचा विचार करत होता. शांत. स्थिर. मृदुभाषी. चेहरा डोळ्यांसमोर आणायला जावं तर पोस्टातली खिडकीमागची बाई दिसायची. गेल्या हिवाळ्यात वारलेली त्याची बायको काही केल्या त्या वाक्यांत शिरेना.

हार्कसाइडच्या सभाघरात ना पाद्री, ना वेदी. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची मंडळी रविवारी तासभर गप्प बसतात. कुणाला अगदी आतून वाटलं तर तो उठून दोन शब्द बोलतो. सभेतलं माणूस गेलं की त्याच्या आयुष्यात देवाची कृपा कशी दिसली याची साक्ष लिहायची, ती सगळ्यांपुढे वाचायची, आणि सगळ्यांना पटली तरच ती दप्तरात जायची. थर्झाची साक्ष लिहायचं काम म्युरिएल पिकर्सगिलने आपणहून मागून घेतलं होतं. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई, भाषेत चूक सापडायची नाही.

तिचं वाचून संपलं. क्लिफर्ड गप्प राहिला.

दुसऱ्या कुठल्या घरात नवरा असा गप्प राहिला असता तर समोरच्याने ओळखलं असतं, काहीतरी बिनसलंय. पण म्युरिएलचा जन्म क्वेकरांच्या घरातला. कुणी हरकत घेतली नाही म्हणजे पटलं, हे तिच्या हाडीमासी खिळलेलं. तिनेही त्याच्याबरोबर थोडा वेळ मौन पाळलं, डोळे टिपले आणि कागद पर्समध्ये ठेवला.

"बरं वाटलं रे," ती म्हणाली. "मला धाकधूक होती. आता रविवारी नॉर्मनला सांगते, क्लिफर्डला पसंत आहे म्हणून."

तिची गाडी वळणापार गेली तेव्हा क्लिफर्डच्या तोंडून शब्द फुटला, तो लिहिण्यासारखा नव्हता.

त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बागेत बटाट्याचे वाफे खणायला घेतले आणि अर्धे टाकून आला. चहा केला आणि प्यायला विसरला. उगाचच बसथांब्यापर्यंत जाऊन परत यायचा. जन्मभर एका जागी बसलेला माणूस हा. दरीतल्या बसवर तो चालक आणि थर्झा कंडक्टर. तो पुढे स्टिअरिंगवर ठाण मांडून, ती मागे तिकिटं फाडत येरझाऱ्या घालणार, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उतरवणार, रडणारं पोर काखोटीला मारणार. "तुला बसून राहायचा पगार मिळतो," असं ती प्रवाशांच्या देखत त्याला ऐकवायची. आता ती गेली आणि तिची सगळी चुळबुळ जणू त्याच्या पायांत येऊन बसली होती. त्याला तिचा राग आला, म्युरिएलचा आला, आणि स्वतःचा तर भयंकर आला. तोंड उघडून "नको" म्हणायला काय झालं होतं?

शुक्रवारी तो नॉर्मनच्या गोठ्यावर गेला. नॉर्मन ऑल्डरसन गाईगुरांचा धनी आणि सभेचा चिटणीस. फावड्याने शेण ओढत होता.

"म्युरिएलनं लिहिलंय ती थर्झा नव्हे," क्लिफर्ड म्हणाला.

"मग कोण आहे?"

"कोण जाणे. कुणीतरी संत बाई आहे. अरे, थर्झाला स्वस्थ बसवत नाही. तुला ठाऊक आहे, सगळ्या सभेला ठाऊक आहे!"

नॉर्मनने फावडं थांबवलं. "हो, ठाऊक आहे. एकदा मौनात उठून उभी राहिली, आम्ही सगळे कान टवकारून बसलो, तर म्हणते, मला काही सांगायचं नाहीये, पाय आखडलेत."

दोघं हसले. मग क्लिफर्डला हसवेना.

"तूच बदल ना ते. चिटणीस तू आहेस."

"मी कोण बदलणार? सभेचं जे म्हणणं पडेल ते मी लिहितो. तू उठ आणि बोल."

"मी इतक्या वर्षांत कधी बोललोय तिथे? मी तर रीतसर सभासदसुद्धा नाही."

"तुझ्या बायकोबद्दल बोलायला तुला कुणी अडवणार नाही. पण गप्प बसलास तर मी 'मान्य' असं लिहिणार, आधीच सांगतो. मला मनातलं ऐकू येत नाही, बाबा." त्याने पुन्हा फावडं उचललं. "आणि एकदा दप्तरात गेलं की गेलं. आपण सगळे मातीखाली गेल्यावर कुणी उघडून वाचेल, त्याला थर्झा तेवढीच."

तेवढीच. हा शब्द क्लिफर्ड घरापर्यंत चघळत आला.

रविवारी प्रार्थनेचा तास संपला आणि कामकाज सुरू झालं. मंडळी चौकोन करून बसलेली, मधल्या टेबलाशी नॉर्मन. आधी छपराच्या गळतीचं निघालं, त्यात बराच वेळ गेला. छपराबद्दल क्वेकरांना आतून पुष्कळ काही वाटतं. क्लिफर्ड खुर्चीच्या कडेवर बसून एकदा हा पाय पुढे घेत होता, एकदा तो. शेजारी बसलेल्या बाईने काळजीने बघितलं.

मग नॉर्मनने थर्झाची साक्ष वाचली. वाचताना कुणाकडे बघितलं नाही.

"मित्रांनो, हे असंच ठेवायचं?"

इथे हात वर करायची पद्धत नाही, मतं मोजायची नाहीत. पटलं असेल तर माणसं हळूच "आशा आहे" एवढंच म्हणतात. एकदोघांनी म्हणायला तोंड उघडलंही असेल. तेवढ्यात क्लिफर्ड उठला. खुर्ची मागे करकरली.

"हे खरं नाहीये," तो म्हणाला.

म्युरिएलच्या गालांवर लाली चढली. सभेत उलट बोलायची रीत नाही, पण तिच्याने राहवलं नाही. "क्लिफर्ड, मी तुला वाचून दाखवलं होतं! तू काहीच बोलला नाहीस."

"नाही बोललो. चुकलं माझं. बोलायला हवं होतं."

"गेलेल्या माणसाबद्दल कुणी वेडंवाकडं लिहितं का?"

"वेडंवाकडं नको, म्युरिएल. खरं लिही. ती काही शांत-बिंत नाही. ती चुळबुळते, उठते, दार आपटते. तिला इथे बसवत नाही."

"साक्ष देवाच्या कृपेची असते," म्युरिएल जरा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "थर्झाच्या पायांची नव्हे."

"मग तिची कृपा पायांतच आहे!"

कुणीतरी खोकलं. क्लिफर्डने हात कोटाच्या खिशात घातले. आता मागे फिरायला वाट नव्हती. तो नॉर्मनकडे बघूनच बोलू लागला, जणू गोठ्यावरच उभा होता.

"एल्स्पेथ आठवते ना? एका रविवारी ती आली नाही. एल्स्पेथ कधी चुकायची नाही. मग कुणीतरी उठून म्हणालं, एल्स्पेथला मनात धरू या, तिच्यावर प्रकाश पडो. आपण सगळ्यांनी डोळे मिटले. मीपण मिटले, मी काही वेगळा नाही. अगदी मनापासून धरली आपण तिला. आणि थर्झा उठली. ते दार असं आपटलं की माझी मान शरमेनं खाली गेली. म्हटलं, हिला एक दिवस, एक दिवस तरी नीट बसता येऊ नये?"

तो थांबला. त्याने एकदा त्या दाराकडे बघितलं.

"ती तडक एल्स्पेथच्या घरी गेली. एल्स्पेथ जिन्याखाली पडलेली, खुबा मोडलेला, रात्रभर तिथेच. आपण तिला इथे मनात धरून बसलो होतो आणि थर्झानं तिला तिथे हातांनी धरलं. त्यानंतर एल्स्पेथ किती तरी वर्षं जगली. मला एवढंच म्हणायचंय. ते लिहा. नाहीतर काहीच लिहू नका, कोरं ठेवा, मला चालेल."

तो बसला नाही. बसायचं त्याला सुचलंच नाही.

मौन पसरलं. हे पटल्याचं होतं की न पटल्याचं, क्लिफर्डला कळेना. मग म्युरिएल उठली. टेबलापाशी गेली, नॉर्मनसमोरचा आपला कागद उचलला आणि घडी घातली.

"त्या दिवशी एल्स्पेथला मनात धरा असं म्हणणारी मीच होते," ती म्हणाली. "नॉर्मन, नवीन लिही."

चिटणिसाने तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर लिहायचं असतं. नॉर्मनचं अक्षर गाईने लिहिल्यासारखं आणि वेगही तसाच. सगळे थांबले. त्याने एकदा "खुबा" कसा लिहायचा ते म्युरिएलला विचारलं. मग घसा साफ करून वाचलं.

"'थर्झा हेगार्थ. दरीतल्या बसवर कंडक्टर. तिला स्वस्थ बसवत नाही. ज्या रविवारी आम्ही एल्स्पेथसाठी डोळे मिटून बसलो, त्या रविवारी थर्झा दार आपटून बाहेर पडली आणि जिन्याखाली खुबा मोडलेली एल्स्पेथ तिला सापडली. आमच्या मौनात जे कमी होतं ते थर्झाकडे होतं, आणि ते आमच्यात पाठवल्याबद्दल आम्ही देवाचे आभारी आहोत.'" त्याने वर बघितलं. "असंच ठेवायचं?"

कुणीच "आशा आहे" म्हणेना. म्युरिएलने तोंड उघडलं. चाळीस वर्षं मुलांच्या वाक्यांतले काळ दुरुस्त केलेली बाई. तिची जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. तिने क्लिफर्डकडे पाहिलं आणि ओठ मिटून घेतले. नॉर्मनने पेन खाली ठेवलं नाही. आता सगळ्यांनीच ती चूक ऐकली होती, आणि ती क्लिफर्डला सांगायची कुणाची छाती होईना.

क्लिफर्डने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. आधी त्याला वाटलं, यांना पटलं नाही. मग त्याने मनात ते वाक्य पुन्हा म्हणून बघितलं. तसंच्या तसं, त्याच्याच तोंडचं.

"थांब, नॉर्मन," तो म्हणाला. "'बसवत नाही' नको."

"मग काय लिहू?" नॉर्मनने हळू विचारलं.

क्लिफर्डला तो शब्द लवकर काढता आला नाही.

"नव्हतं," तो म्हणाला. "बसवत नव्हतं, असं लिही."

नॉर्मनने एक शब्द खोडला आणि वर दुसरा लिहिला.

"आशा आहे," म्युरिएल म्हणाली. मग बाकीचे म्हणाले.

क्लिफर्ड खाली बसला.