दोन कुलपांची पेटी

मित्रांनो, नैवाशाच्या तळ्याकाठी गुलाबाचा मळा आहे. तिथल्या पॅकिंग शेडच्या दाराशी, हात धुण्याच्या नळाच्या वर, एक जुनी लाकडी पेटी टांगलेली आहे. ती पेटी म्हणजे मी. माझ्या झाकणाला चिठ्ठ्या टाकायची एक फट आहे आणि दोन कुलपं आहेत.

वाफुला नावाच्या सुताराने सायप्रस झाडाच्या लाकडाच्या उरलेल्या फळ्यांतून मला बनवलं. खिळे ठोकताना तो म्हणाला होता, "एक चावी साहेबाकडे, एक बायकांकडे. दोघं एकत्र आले तरच ही तोंड उघडेल." शेडमध्ये फुलांच्या जुड्या बांधणाऱ्या साठ बायका होत्या. त्यांनी आपली चावी अकोथकडे दिली. ती सगळ्यांत जुनी, पोक्त. सगळ्या तिला ताई म्हणत.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. दर शुक्रवारी दहाच्या चहाला मला उघडत. चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या जात, नाव कुणी विचारत नसे. पायाखाली रबराच्या चटया आल्या त्या माझ्यामुळे. एकदा चिठ्ठी निघाली, 'सुपरवायझर ओरडले की हात थरथरतात आणि काटा बोटात जातो.' सुपरवायझर किपलागतने ती स्वतःच वाचली. मग म्हणाला, "खरं आहे. ओरडतो मी. पुन्हा ओरडलो तर तोंडावर सांगा." बायका हसल्या. एकीने त्याच्यापुढे तळलेल्या गोड मांदाझीची बशी सरकवली. त्या दिवशी मला वाटलं, वाफुलाचे कष्ट फुकट गेले नाहीत.

मग एक फेब्रुवारी आला. व्हॅलेंटाइनच्या आधीचे ते दोन आठवडे मळ्यात कुणाला श्वास घेऊ देत नाहीत. त्या वर्षी मागणी दुप्पट होती. किपलागतचा फोन सारखा वाजे. पलीकडचं माणूस त्याच्यावर खेकसे, आणि फोन ठेवला की तो टेबलांकडे वळे.

"अठ्ठावीस नंबर, हात आहेत की उगालीचं पीठ घोटायचे लाकडी डाव?"

अठ्ठावीस नंबर म्हणजे नफुला. ती अकोथच्या शेजारी उभी राहायची. हाताने चपळ आणि बोलायला कमी. त्या दिवशी तिने पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारलं, तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जा, जा. येताना तळंच घेऊन ये." काहीजणी हसल्या. हसलं नाही तर पुढचा नंबर आपला, हे त्यांना ठाऊक होतं.

नफुलाने चिठ्ठी लिहिली. घाईत कागद मिळाला नाही, म्हणून टेबलावरच्या पट्टीची कोरी बाजू वापरली. जुडी खराब निघाली तर कुणी बांधली ते कळावं म्हणून प्रत्येक जुडीला बांधणारीच्या नंबराची पट्टी लागते. दिवसभर तीच पट्टी हाताळून तिच्यावरचा आकडा नफुलाला दिसेनासा झाला होता. तिने लिहिलं, 'साहेब, दुप्पट जुड्या बांधू. पण चुकलं तर चारचौघांत हसू नका. भीतीने आणखी चुकतं.'

शुक्रवार यायचा होता. बुधवारी दुपारी, शेड जेवायला गेल्यावर, किपलागत अकोथला घेऊन माझ्यापाशी आला.

"ताई, तुमची चावी द्या. माझ्यामागे कोण काय लिहितंय ते मला आजच कळायला हवं."

"साहेब, सगळ्यांसमोर उघडायची रीत आहे."

"तुमचा करार या महिन्यात संपतोय ना?"

अकोथने गळ्यातली चावी काढून त्याच्या हातात ठेवली. ती एवढंच म्हणाली, "माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

त्याने चिठ्ठी काढली, उलटली आणि आकडा पाहिला.

दुसऱ्या दिवशी नफुलाला टेबलावरून काढून कोल्ड स्टोरेजमध्ये खोकी रचायला पाठवलं. "थंडीत डोकं शांत राहील," किपलागत म्हणाला. ते काम नवख्यांचं, आणि महिन्याभरात गुडघे धरतात. टेबलावरची जागा मिळवायला नफुलाला चार वर्षं लागली होती. चहाच्या वेळी अकोथने तिचा हात हातात घेतला.

"कुणी केलं असेल गं हे? देव बघून घेईल."

"कुणी कशाला? ही पेटीच फितूर," नफुला म्हणाली आणि तिने माझ्याकडे पाठ फिरवली.

मित्रांनो, मला तोंड असूनही बोलता येत नाही. त्या दिवसापासून माझ्या फटीत एक चिठ्ठी पडली नाही. कामाच्या घाईत त्या शुक्रवारी मला उघडायलाही कुणी आलं नाही.

पुढच्या मंगळवारी कोल्ड स्टोरेजच्या दाराचं रबर निखळलं आणि गार हवा बाहेर वाहू लागली. नफुला सांगायला आली. किपलागत फोनवर होता. त्याने तिच्याकडे न बघता बोटाने कोल्ड स्टोरेजची वाट दाखवली. ती परत गेली. आणखी दोघींनी ते रबर पाहिलं होतं. त्याही बोलल्या नाहीत.

गुरुवारी विमानतळावरून नव्वद खोकी परत आली. पाकळ्या कडेने काळ्या पडल्या होत्या.

किपलागतने सगळ्यांना दाराशी बोलावलं. ओरडायचंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "तुम्हा कुणालाच दिसलं नाही? मला सांगायचं तरी. निदान पेटीत टाकायचं." त्याने खिशातून जुडगा काढला आणि माझी दोन्ही कुलपं उघडली. आत धूळ होती.

नफुला आत बघत नव्हती. ती त्याच्या हाताकडे बघत होती. दोन्ही चाव्या एकाच जुडग्यात होत्या. मग तिने सावकाश मान वळवली. अकोथने चहाच्या कपात नजर बुडवली.

"दिसलं होतं, साहेब," नफुला म्हणाली. "मी आले होते. तुम्ही बोट दाखवलंत."

किपलागतने जुडग्यातून बायकांची चावी सोडवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मग तो म्हणाला, "माझी चूक झाली. उद्यापासून तुझ्या टेबलावर ये."

"येते. पण जागा दुसरी द्या."

अकोथच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. बायकांची चावी आता नफुलाकडे आहे. चावी मागायला ती गेली नव्हती, बायकांनीच तिच्या हातात ठेवली.

मित्रांनो, माझ्यावर फडकं मारलंत, बिजागरीला तेल दिलंत, तर मी तुमचे उपकार मानेन. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. कामाच्या रेट्यात कुणी धीर करून काही सांगितलं, तर कोणी सांगितलं ते शोधण्याआधी काय सांगितलं ते वाचा. आणि कुणाची चावी तुमच्यापाशी ठेवलेली असेल, तर ती मागणारा कितीही मोठा असला तरी देऊ नका.

अजूनही दर शुक्रवारी चहाला किपलागत आणि नफुला दोघं येतात. दोन्ही कुलपं उघडतात, आत बघतात आणि पुन्हा लावतात. चिठ्ठी अजून एकही आलेली नाही.