नवऱ्याच्या पानावर पान

शुक्रवार पेठेतल्या कुमारच्या घरी दर रविवारी दुपारी मेंढीकोटचा डाव बसायचा. खेळणारे चार ठरलेले: कुमार, त्याची बायको पूनम, कुमारचे वडील महिपती आणि महिपतीचा गावाकडचा दोस्त बिरुदेव. कुमारची आई तानाबाई चहा करायची. तिला खेळायला ये असं कुणी कधी म्हटलं नव्हतं आणि तिनंही ते कधी तोंडातून काढलं नव्हतं. पण कपबशा गोळा करायच्या निमित्तानं ती चौघांच्या पाठीमागून इतक्या फेऱ्या मारायची, की तेवढ्या कपबशा त्या घरात नव्हत्याच.

मग कुमारची बदली टेंभुर्णीला झाली. सुट्टी मिळायची ती गुरुवारी. रविवारची चौथी जागा रिकामी पडली.

"जोतिरामला बोलवू," महिपती म्हणाला. "अडत बाजारातला. चांगला खेळतो."

"जोतिरामकाका कशाला?" पूनम म्हणाली. "आत्या खेळतील की."

महिपती पोट धरून हसला. चहा सांडला तो वेगळाच. हसून झाल्यावर म्हणाला, "बरं. तीन रविवार बघू. जमलं न्हाय तर जोतिराम बसंल, आन् ही आपली चुलीपाशी."

तानाबाई सांडलेला चहा पुसू लागली. पण तिला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. करमाळ्याकडं दोनशे मेंढरं होती तेव्हा संध्याकाळी वाड्यात शिरणाऱ्या कळपावर एक नजर टाकून ती सांगायची, की कानाला डाग असलेली मागं राहिली. माणसं तिला विचारायची. मेंढरं विकून शहरात आल्यापासून भाजीत मीठ किती, याच्या पलीकडं तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

पूनमनं तिला दोन दुपारी बसवून खेळ समजावला. उतारी, म्हणजे पहिलं पान, ज्या रंगाची, त्याच रंगाचं पान टाकायचं. मोठं पान हात घेऊन जातं. तो रंगच नसेल तर हुकमानं मारायचं. दश्शीला म्हणायचं मेंढी. चारांतल्या जास्त मेंढ्या ज्यांच्याकडं ते जिंकले, आणि दोन-दोन झाल्या तर ज्यांचे हात जास्त ते. समोर बसतो तो आपला भिडू. तिसऱ्या दिवशी तानाबाई कुठलं पान गेलंय आणि कुठलं कुणाकडं दडलंय, हे न अडखळता सांगू लागली. पूनम खूश. म्हणाली, "आत्या, आता बघा मामांचं काय होतंय."

मामांचं काहीच झालं नाही. पहिल्या रविवारी सासू-सुना सगळे डाव हरल्या, त्यातल्या दोन डावांत तर चारही मेंढ्या गेल्या. पूनमला कोडं पडलं, कारण बिरुदेवचं एकही पान तानाबाईनं जिवंत सोडलं नव्हतं. तो राणी टाको, राजा टाको, तिचा एक्का वर पडलाच म्हणून समजा. शेवटी तो रडवेला झाला. "वैनी, मी काय घोडं मारलंय तुमचं?" म्हणाला.

पुरुष बाहेर गेल्यावर पूनमनं विचारलं, "आत्या, मामांनी राजा टाकला तेव्हा तुमच्याकडं एक्का होता ना?"

"व्हता की."

"मग टाकला का न्हाय?"

तानाबाईनं सुनेकडं असं बघितलं, जणू पोरीला आईबापानं काहीच शिकवलं नाही. "त्येंच्या पानावर माजं पान कसं टाकू? चाळीस वर्सं झाली, त्येंच्या आदी मी जेवलेसुदीक न्हाय."

"अवो, ते पत्ते हायेत."

"त्येंच्या हातातलं हायेत न्हवं?"

पूनमनं कपाळावर हात मारून घेतला. आठवडाभर तिनं समजावलं, चिडली, एक दिवस अबोलाही धरून बघितला. दुसऱ्या रविवारीही तेच. फरक इतकाच, की महिपती आता हातात मोठं पान नसतानाही दश्शी बिनधास्त उघडी टाकू लागला आणि मिशीतल्या मिशीत हसू लागला.

तिसऱ्या रविवारी जोतिराम बोलावण्याआधीच येऊन उंबऱ्यावर बसला. पूनमला पानं अशी काही लागली, की एक डाव बायकांनी घेतला. दुसरा पुरुषांनी. तिसऱ्यावर फैसला, असं ठरवून सगळे चहाला उठले. तानाबाई चहाचं आधण ठेवून मघाचे कप आणायला बाहेर निघाली आणि दाराआडच थबकली. ओट्यावर महिपती बिरुदेवला सांगत होता.

"तू मेंढी धरून ठेव. माज्याकडं आली तर मी उगडीच टाकतो. ही माज्या पानावर पान टाकत न्हाय. लगीन झाल्यापासनं न्हाय टाकलं."

दोघं हसले. तानाबाईला राग आला. हरल्याचा नव्हे, त्याची तिला सवय होती. मान तिनं आपणहून दिला होता. तो ह्या माणसाला ठाऊक होता, आणि ठाऊक असून तो त्यावर मेंढ्या ओढत होता. तिनं चहा दिला. साखर जाणूनबुजून घातली नव्हती, हे दोघांना दुसऱ्या घोटाला कळलं.

तिसरा डाव बसला. बिरुदेवच्या दोन मेंढ्या बायकांनी घेतल्या. महिपतीकडं एक. अकरा हात झाले, त्यातले सात पुरुषांचे. प्रत्येकाच्या हाती दोन-दोन पानं उरली आणि चौकटची मेंढी तेवढी बाहेर यायची होती. ती पुरुषांना मिळाली, की मेंढ्या दोन-दोन, जास्त हात त्यांचे आणि जागा जोतिरामची.

महिपतीनं चौकटची दश्शी चटईवर ठेवली आणि वर पाणी मागितलं. पूनमनं छक्की टाकली, बिरुदेवनं सत्ती. तानाबाईच्या हातात चौकटचीच दोन पानं होती, चव्वी आणि राजा. पूनमनं डोळे मिटून घेतले.

तानाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. वाकली, नवऱ्याच्या पायाला हात लावून तो कपाळाला टेकवला. मग दश्शीवर राजा ठेवला आणि तो हात आपल्याकडं ओढून घेतला.

महिपती त्या राजाकडं बघत राहिला.

"हे पान तुज्याकडं हुतं?"

"व्हय."

"आन् मागल्या रविवारी मी राणी टाकली तवा?"

"एक्का हुता."

"त्येच्या आदी?"

"लई हुतं," तानाबाई म्हणाली.

महिपतीनं मान खाली घातली. उंबऱ्यावरून जोतिरामनं विचारलं, "मंग मी कुटं बसू?"

"घरी जा," महिपती म्हणाला. त्यानं चटईवरची पानं गोळा केली, कारण हरलेल्यानं पिसायचं असतं, आणि सगळ्यांत पहिलं पान बायकोपुढं टाकलं.