मशीनची आंघोळ

आयुधपूजेच्या सकाळी नवऱ्याने, नरहरीने, माझ्या शिलाई मशीनला आंघोळ घातली. होय, आंघोळ! ऑटो धुवायला लावलेला पाईप तसाच ओढत आत आणला आणि मशीनवर वरून-खालून पाणी मारलं. मी देवळात फुलं द्यायला गेले होते. परत येते तो काय, मशीन हळदकुंकू लावून, शेवंतीचा हार घालून विराजमान, आणि शटलखालून पाणी ठिबकतंय.

तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षीही हेच झालं होतं. पूजेला मांडलेल्या आयुधाला विजयादशमीपर्यंत हात लावायचा नाही, म्हणून मशीन रात्रभर ओलं राहिलं आणि सकाळी चाक हलेना. आतला दांडा गंजून बसलेला. दिवाळीपर्यंत मी दुसऱ्याच्या दुकानात, दुसऱ्याच्या मशीनवर ब्लाउज शिवले. शिंप्याच्या घरची सून मी!

"अय्यो, सुम्मने, उगाच ओरडू नको," नरहरी म्हणाला. "देवाचं काम केलंय."

तेवढ्यात दारातल्या त्याच्या ऑटोकडे लक्ष गेलं. तिलाही हार, केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं. पण बॅटरीला प्लास्टिक गुंडाळलेलं, आणि पत्रा कोरड्या फडक्याने लख्ख पुसलेला. म्हणजे पाण्याने लोखंडाचं काय होतं ते या गृहस्थाला चांगलं ठाऊक! स्वतःच्या पोटापाण्याचं बरोबर कळतं. माझं मशीन मात्र नुसतं ओवाळायला.

"अहो, बॅटरी कशाला झाकली?"

"पाणी जाईल ना आत."

"मग मशीनच्या आत काय तीर्थ जातं?"

मी हार काढून बाजूला ठेवला, शटल सोडवलं आणि कोरड्या चिंधीने पुसायला लागले. देव्हाऱ्यासमोरून सासूबाई धावत आल्या. माझ्याआधी जन्मभर याच मशीनवर शिवलेली ही बाई.

"बेडा, वर्षिणी, बेडा! आज हात लावू नको. पाप लागेल!"

"मला लागू दे, अत्ते. मशीनला गंज लागायला नको."

तेलाची बाटली उघडून मी वरच्या भोकांत थेंब सोडू लागले. सासूबाई बघत राहिल्या. मग पदर खोचून त्यांनी मशीन मागे कलतं धरलं.

"आधी खालून पूस," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी तिथंच साठतं."

म्हणजे यांनाही ठाऊक होतं! गेल्या वर्षीसुद्धा!